गिल्मर ८२वा, क्लॅप्टन ३५वा : गिटारवाल्यांच्या याद्या नि आपली डोकेफोड

सहावी तार | रविवार, रात्री १०:४२

काल संध्याकाळी कॉलेज रोडच्या टपरीवर आम्ही चौघे भांडलो. चौघेही पन्नाशीला टेकलेले, एकाच्या हातात मेथीची जुडी. गंगापूर रोडला माझी मुलगी जिथे गिटार शिकते, तिथल्या सरांनी भिंतीवर 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत मासिकाच्या, सर्वकाळच्या श्रेष्ठ गिटारवादकांच्या २०२३च्या यादीतले पहिले दहा जण लावलेत. हेंड्रिक्स, चक बेरी, जिमी पेज, एडी व्हॅन हेलन, जेफ बेक, सिस्टर रोझेटा थार्प, नाइल रॉजर्स, बी. बी. किंग, जोनी मिचेल, डुएन ऑलमन. मी त्याचा फोटो दाखवला. मेथीवाल्याने तो दोनदा वाचला नि विचारलं, "क्लॅप्टन पुढच्या फोटोत आहे का?" पुढचा फोटो मुलीच्या वाढदिवसाचा होता. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन त्या यादीत ३५वा आहे.

घरी येऊन याच मासिकाच्या तीन याद्या समोर घेऊन बसलो. २००३, २०११, २०२३.

क्लॅप्टन चौथा, मग दुसरा, मग ३५वा. एडी व्हॅन हेलन ७०वा, मग आठवा, मग चौथा. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर ८२वा (हो, ब्याऐंशी!), मग १४वा, मग २८वा. जोनी मिचेल २००३ला ७२वी, २०२३ला नववी. कर्ट कोबेन २००३ला बारावा, आठ वर्षांत घसरून ७३वा, आणि तो तर १९९४लाच गेलेला. प्रिन्स २००३च्या शंभरात नव्हताच, २०११ला एकदम ३३वा.

आता मला सांगा, २००३ ते २०११ या काळात व्हॅन हेलन असं काय नवं शिकला? त्याचं 'इरप्शन' १९७८चं. एक मिनिट बेचाळीस सेकंदांचा तुकडा, दोन्ही हातांची बोटं फ्रेटबोर्डवर (गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर). तो तुकडा तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे.

बदलली ती पंचमंडळी. २००३ची यादी डेव्हिड फ्रिक नावाच्या एकट्या समीक्षकाची. २०११ला वादक आणि जाणकारांचं मंडळ बसवून मतं घेतली. २०२३ला मासिकाने स्वतःच २५० जणांची केली.

तुमचा कोण कुठे अडकलाय ते सांगा. नुसती नावं फेकू नका, का ते लिहा.

ओव्हरड्राइव्ह | रात्री १०:५८

पहिला! (प्रतिसादात.) हेंड्रिक्स तिन्ही वेळा पहिला, तेवढं तरी बरोबर आहे. बाकी सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे, उद्या लिहितो.

स्लोहँड | रात्री ११:०५

मेथीवाला मीच. धागाकर्त्याने जुडीचा उल्लेख केला नसता तरी चाललं असतं.

साठच्या दशकात लंडनच्या भिंतींवर 'क्लॅप्टन हाच देव' असं लोकांनी रंगवलं होतं. देवाला कोणी ३५वा नंबर देतं का? त्याच्या आधी तिथल्या किती पोरांना ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते संगीत, माहीत होतं? आणि नाइल रॉजर्स सातवा! डिस्कोमध्ये चिक-चिक वाजवणारा माणूस!

डावखुरी | रात्री ११:२१

ते 'चिक-चिक' एकदा मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावून पाच मिनिटं वाजवून दाखवा. मी प्रयत्न केलाय. दुसऱ्या मिनिटाला मनगट भरून येतं, तिसऱ्याला लय पळायला लागते. सोलो, म्हणजे एकट्याचा तुकडा, चुकला तर लोकांना स्टाइल वाटते, मागचा ऱ्हिदम चुकला तर नाचणारे थांबतात.

नोटप्रेस निवृत्त | रात्री ११:४०

मंडळी, झोपायच्या वेळेला धागा काढलात. माझं वय ७१, राहणार जेलरोड.

तुमच्या तिन्ही याद्या गिटार म्हणजे उभी धरून वाजवायचं वाद्य असं गृहीत धरतात. आमच्या तरुणपणी नाशिकरोडला गिटार म्हटलं की मांडीवर आडवी. डाव्या हातात लोखंडी दांडी, ती तारेवरून सरकवायची. हवाईयन गिटार. गणपतीत मंडपाच्या कर्ण्यावर सुनील गांगुलींच्या तबकड्या लागायच्या, सिनेमाची गाणी नुसत्या गिटारवर. शब्द नसले तरी लहान पोरं सोबत म्हणायची. आमच्या कॉलनीत एक जण ऑर्केस्ट्रात तसलं वाजवायचा. हळदीपासून सेवानिवृत्तीपर्यंत सगळ्या कार्यक्रमांत त्याला मागणी. उभी गिटार पहिल्यांदा पाहिली ती देवळाली कॅम्पात, एका लग्नाच्या बँडमध्ये.

ही मांडीवरची पद्धत हवाई बेटांतून आली. टाऊ मो नावाचा तिकडचा कलावंत १९४०च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिला, शिकवलं, वाजवलं. तिथून ती आपल्याकडे सिनेमातही शिरली आणि शास्त्रीय संगीतातही.

स्लोहँड | रात्री ११:४६

काका, आदर आहेच. पण हे थोडं विषयांतर होतंय. धागा रॉकच्या यादीचा आहे.

नोटप्रेस निवृत्त | रात्री ११:५९

यादीच्या नावात 'रॉक' शब्द मला दिसला नाही. सर्वकाळचे श्रेष्ठ गिटारवादक म्हणतात ते.

आणि विषयांतर कसं? २००३च्या यादीत आठवा कोण, बघा. राय कूडर. याच कूडरने १९९२ साली आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये बसून वाजवलं. वाजवायला बसण्यापूर्वी दोघांची तासाभराचीही ओळख नव्हती. ती तबकडी १९९३ला आली, १९९४ला तिला ग्रॅमी मिळालं, दोघांना मिळून. भट्टांची मोहनवीणा म्हणजे गिटारच, तिला लयीला छेडायच्या चिकारीच्या आणि आपोआप गुंजणाऱ्या तरफांच्या जादा तारा. एकाच सतरंजीवर बसलेल्या दोघांपैकी एक जगात आठवा आणि दुसरा शंभरातही नाही. शुभ रात्री.

गोदाकाठचा गवई | सोमवार, सकाळी ७:१२

काकांना दंडवत.

मांडीवरच्या गिटारला आपल्याकडे मान का मिळाला, त्याचं कारण साधं आहे. दांडी तारेवरून सरकवली की दोन सुरांमधली सगळी जागा मिळते. पडद्यावर (फ्रेटवर) बोट ठेवलं की सूर पायरीवर उभा राहतो, दांडीने तो उतारावरून घसरतो. म्हणजे मींड. ब्रिजभूषण काब्रांनी हे ओळखलं. अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले, सरोदाची तालीम गिटारवर आणली. १९६७ला शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' केली. ती ध्वनिमुद्रिका लोकांच्या घरात अजून आहे, आणि संतूर, बासरीनंतर तिसरं वाद्य कोणतं असं विचारलं की निम्मे लोक अडखळतात. पंचवटीत, विष्णु दिगंबरांच्या गावात, मी हे विचारून पाहिलंय. एक जण 'सतार' म्हणाला.

उलट दिशेने आलेला माणूस म्हणजे इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन. झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड काढताना त्याने गिटारच बदलून घेतली. दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलं, म्हणजे तार दाबून, ओढून वीणेसारखा गमक निघावा. वर आडव्या सात तारा नुसत्या गुंजण्यासाठी. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच शक्तीला २०२४ला ग्रॅमी मिळालं, तेव्हा हा गृहस्थ ८२ वर्षांचा होता.

ओव्हरड्राइव्ह | सोमवार, सायं. ५:३०

शिफ्ट संपली. आता माझा नंबर.

टोनी आयोमी. 'ब्लॅक सबाथ' बँडचा गिटारवाला. २००३ला ८६वा! का चिडलोय ते सांगतो. मी अंबडला प्रेस शॉपमध्ये आहे. पॉवर प्रेस (पत्रा दाबायचं यंत्र) काय असतं ते ज्याने चालवलंय त्यालाच कळतं. आमच्याकडे आता सेन्सर आहे, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही. तरीही जुन्या लोकांशी हात मिळवताना आम्ही बोटं मोजतो, सवयच लागलीये.

आयोमी बर्मिंगहॅमला शीट मेटलच्या कारखान्यात होता, वय १७. कामाचा शेवटचा दिवस. बँडबरोबर जायचं म्हणून नोकरी सोडलेली. त्या दिवशी मशीनवरचा नेहमीचा माणूस आला नाही म्हणून याला बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. संपलंच की सगळं.

कारखान्याच्या मॅनेजरने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. १९२८ला जँगोच्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती, आणि तो बाकीच्या दोन बोटांवर सोलो वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं. तारा दुखायच्या म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे गिटारच खाली उतरवून ट्यून केली, तारेचा ताण कमी व्हावा म्हणून. तो जो जडशीळ आवाज आला, त्यातून हेवी मेटल, म्हणजे रॉकचा तो जड प्रकार, उभं राहिलं. पोरं आज हौसेने गिटार खाली ट्यून करतात. त्याने बोटं दुखतात म्हणून केली होती.

आणि त्याच यादीत 'मेटॅलिका' या हेवी मेटल बँडचा कर्क हॅमेट अकरावा. हॅमेट आपलाच आहे, पण बापाला ८६वा बसवून पोराला अकरावा?

सहावी तार | सोमवार, सायं. ६:०४

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. २०११ला आयोमी २५वा झाला बरं का.

ओव्हरड्राइव्ह | सोमवार, सायं. ६:०६

मंडळात वादक होते ना तेव्हा. वादकाला वादक कळतो.

निफाडचा बागायतदार | सोमवार, रात्री ९:१५

मला गिटारमधलं काही कळत नाही. पोरगा वाजवतो म्हणून वाचतोय. पण प्रतवारीचं कळतं.

आमची द्राक्षं एक्स्पोर्टला जातात. मणी एमएमवर मोजतात, साखर ब्रिक्सवर. मापात बसला तो घड पेटीत, नाही बसला तो लोकलला. घरी खायला आम्ही लोकलचाच ठेवतो, तो खरं म्हणजे गोड असतो. पण निदान हंगाम चालू असताना मोजपट्टी कोणी बदलत नाही. तुमच्या यादीत दर आठ-दहा वर्षांनी मोजपट्टी नवी. मग माल तोच असून भाव वर-खाली झाला तर शेतकऱ्याने रडायचं कशाला? आधी विचारा, ह्या खेपेला मोजलं काय?

सहावी तार | सोमवार, रात्री ९:४०

भाऊ, बरोबर बोट ठेवलंत. आणि २०२३वाल्यांनी ते प्रस्तावनेत सांगितलंय. सफाईपेक्षा नवं काही शोधून काढणाऱ्याला जास्त माप, आणि ज्याचं वाजवणं मोठ्या गाण्यांत उतरलं त्याला झुकतं माप. त्या मापाने चक बेरी दुसरा येणारच. रॉक गिटारची सुरुवातीची वाक्यं त्यानेच तर लिहिली. आणि क्लॅप्टन खाली जाणार, कारण त्याची ताकद आधीचं ब्लूज सुंदर करून वाजवण्यात.

स्लोहँड | सोमवार, रात्री ९:५२

'सुंदर करून वाजवणं' हा आता गुन्हा झाला तर! मग ख्याल गाणाऱ्यांनी काय करायचं? बंदिश तर दोनशे वर्षांपूर्वीचीच असते.

गोदाकाठचा गवई | सोमवार, रात्री १०:१०

हे मात्र मान्य करावं लागेल. +१. मला वाटलं नव्हतं मी या धाग्यावर क्लॅप्टनच्या बाजूने उभा राहीन.

डावखुरी | मंगळवार, दुपारी १:१५

आता माझं. २००३च्या शंभरात बायका दोन. जोनी मिचेल आणि जोन जेट. सिस्टर रोझेटा थार्प नव्हतीच. २०११लाही नव्हती. २०२३ला सहावी. १९१५चा जन्म, १९७३ला गेली. चर्चमधली भजनं इलेक्ट्रिक गिटारवर ती वाजवत होती तेव्हा चक बेरीला कोणी ओळखत नव्हतं. १९६४चं एक चित्रीकरण आहे, मँचेस्टरजवळच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर. पावसाळी हवा, प्रेक्षक एका फलाटावर, ही दुसऱ्या फलाटावर, अंगात कोट, गळ्यात पांढरी गिटार. कुणीतरी नाशिकरोड स्टेशनवर असं करा की!

जोनीला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा हात कमजोर, नेहमीचे कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) धरता येईनात. मग तिने तारा वेगळ्याच सुरांत लावल्या, इतक्या तऱ्हांनी की तिच्या गाण्यांची जुळणी शोधणं हा लोकांचा वेगळा उद्योग होऊन बसलाय. तंबोरा पंचमात लावायचा की मध्यमात, हे राग बघून ठरतं ना, तसं ती गाणं बघून अख्खी गिटार लावायची.

आता नावातलं. मी डावखुरी. आठवीत असताना बाबांबरोबर गिटार घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, डावी गिटार येत नाही, उजवीच घ्या, पोरगी लहान आहे, होईल सवय. घेतली. तार फ्रेटपासून इतकी उंच की बोटांतून रक्त यायचं. दोन वर्षं वाटत होतं मलाच जमत नाही. मग कोणीतरी हेंड्रिक्सचा फोटो दाखवला. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी करून, तारा पुन्हा लावून. उलट्या गिटारमुळे तिरका पिकअपही (तारांचा आवाज टिपणारा भाग) उलटा होतो, म्हणून जाड तारा जरा खणखणीत आणि पातळ तारा जरा मऊ वाजतात. अल्बर्ट किंग त्याच्याही पुढचा. त्याने गिटार उलटी धरली पण तारा बदलल्याच नाहीत, त्यामुळे पातळ तार वर. सगळे तार वर ढकलून बेंड करतात, म्हणजे सूर चढवतात, तो खाली ओढायचा. आणि मार्क नॉफ्लर डावखुरा असून उजवी वाजवतो. त्या दुकानदाराचं म्हणणं नॉफ्लरच्या बाबतीत खरं ठरलं, एवढंच मी कबूल करीन.

नोटप्रेस निवृत्त | मंगळवार, दुपारी ३:३०

पोरी, छान लिहिलंस. रक्ताचं वाचून वाईट वाटलं.

निफाडचा बागायतदार | मंगळवार, रात्री ८:५०

पोराची गिटार आत्ता बघितली. तारेखालून आख्खं बोट जातंय. काय करायचं?

डावखुरी | मंगळवार, रात्री ८:५८

फेकू नका. ब्रिजवरची (तारा टेकतात त्या घोडीवरची) पांढरी पट्टी बाहेर काढून खालून थोडी थोडी घासायची, आणि मान वाकली असेल तर आतला रॉड पाव फेरा फिरवायचा. स्वतः करू नका, करणाऱ्याकडे द्या.

ओव्हरड्राइव्ह | मंगळवार, रात्री ९:२०

एक मजा. 'गिटार प्लेअर' मासिकाच्या वाचकांनी 'येस' बँडच्या स्टीव्ह हाउला १९७७ ते १९८१ सलग पाच वर्षं पहिला निवडला. शेवटी मासिकाने त्याला मानाच्या दालनात नेऊन बसवलं, म्हणजे आता तुला मत नाही, दुसऱ्यांना येऊ दे. आमच्या कंपनीतल्या कॅरमच्या स्पर्धेत असंच एकाला पंच करून टाकलंय.

सहावी तार | मंगळवार, रात्री ९:३५

वेगाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. बी. बी. किंग तिसरा, सहावा, आठवा. तिन्ही याद्यांत पहिल्या दहात. आणि तो स्वतः सांगायचा की मला कॉर्ड जमत नाहीत. एक सूर लावायचा, मनगट हलवून तो थरथरवायचा, मग गायचा. गाताना गिटार नाही, गिटारवर असताना गाणं नाही.

काका, तुमच्या हिंदी सिनेमावाल्यांना मी विसरलेलो नाही. 'दम मारो दम'ची सुरुवातीची ती गिटार, १९७१ची, भूपिंदर सिंगांची. गझल गाणारे तेच. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाला पहिल्यांदा हात कशावर साफ करतो? याच तुकड्यावर. ती कोणत्या यादीत बसवणार?

नोटप्रेस निवृत्त | मंगळवार, रात्री १०:००

असं करू. रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे या, जेलरोडला. प्रत्येकाने तीन मिनिटांचा एक तुकडा आणायचा. नाव सांगायचं नाही. ऐकायचं, गुण लिहायचे, मग नाव फोडायचं. चहा-पोहे घरचे.

स्लोहँड | मंगळवार, रात्री १०:०२

मंजूर! तिथे कळेल देव कोण ते.

सहावी तार | पुढचा रविवार, दुपारी ३:२०

वृत्तांत. सहा जण जमले. बागायतदार पोराला घेऊन आले, सोबत लोकलच्या द्राक्षांची पेटी. (भाऊ खरं बोलत होते. गोड आहेत.)

काकांनी काब्रा लावले. ओव्हरड्राइव्हच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पोह्यातल्या मिरचीवर ढकललं. आयोमीला काकूंनी दहापैकी आठ दिले, "देवळातल्या नगाऱ्यासारखं वाटतं" म्हणाल्या. गिल्मर मी नेला होता, 'कम्फर्टेबली नंब'चा शेवटचा सोलो. सगळ्यांनी ओळखला, म्हणून बाद. थार्पला बागायतदारांच्या पोराने दहापैकी दहा दिले आणि वादक बाई आहे हे कळल्यावर अकरा केले.

मग स्लोहँडचा तुकडा. १९७०चं 'लैला'. नाव झाकायचं म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधीचे सूर कापलेले, मधला वाद्यांचाच भाग ठेवलेला. वरच्या पट्टीत रडणारी ती घसरती गिटार आली आणि गवई ताठ बसले. "ही तर मींड," म्हणाले. सगळ्यांचे मिळून सर्वांत जास्त गुण. स्लोहँड उभा राहिला, हात पसरले, "क्लॅप्टन!"

डावखुरी शांतपणे स्लोहँडला म्हणाली, "काका, गाणं क्लॅप्टनचं. पण ही स्लाइड डुएन ऑलमनची आहे. औषधाची रिकामी काचेची बाटली बोटात घालून वाजवायचा तो. पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा." २००३च्या यादीत डुएन ऑलमन दुसरा होता, क्लॅप्टनच्या दोन नंबर वर.

स्लोहँड खाली बसला आणि त्याने द्राक्षं खाल्ली.

स्लोहँड | रविवार, सायं. ७:४५

वृत्तांतात एक दुरुस्ती. मी हात पसरले नव्हते, एकच हात वर केला होता.

त्या ध्वनिमुद्रणाला त्याला बोलावलं कोणी? क्लॅप्टननेच ना?

पुढच्या रविवारी स्पीकर मी आणतो. काका, तुमच्या काब्रांची ती तबकडी दोन दिवसांसाठी मिळेल का?